पावतीबुकवाल्या काकू, हे तुमच्यासाठी

काकू, सा. न.

फोनवर दोनदा बोलायचा प्रयत्न केला पण तुम्ही दरवेळी "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून आता लिहूनच टाकते आणि सगळ्यांसमोर लिहिते. तुमचं नाव लिहीत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही. कर्वेनगरात ज्यांच्या दाराशी तुम्ही खाकी कव्हरचं पावतीबुक आणि ती निळी कापडी पिशवी घेऊन मुलींच्या वसतिगृहासाठी देणगी मागायला गेलाय त्यांना आपोआप कळेल.

आधी हे सांगते की मला देणगी मागायला आलेलं माणूस अजिबात आवडायचं नाही. म्हणजे राग यायचा, खराखुरा. गणपतीच्या आधी मंडळाची पोरं यायची ती पावतीबुक उघडून आधी शेजारच्यांनी किती दिले ते दाखवायची, म्हणजे आपल्याला कमी आकडा सांगायची लाजच वाटली पाहिजे. मुलाच्या शाळेत ॲडमिशनच्या वेळी 'ऐच्छिक देणगी' म्हणून जो फॉर्म दिला त्यात आकडा आधीच छापलेला होता. मॉलच्या बाहेर टॅब घेऊन उभी असलेली मुलं-मुली, त्यांना एकदाच पाचशे देतो म्हटलं तर नको असतं, दर महिन्याला खात्यातून कापायची परवानगी हवी असते. दुपारी ऑफिसात फोन येतो, पलीकडची बाई वाचून दाखवल्यासारखं बोलते की एका बाळाचं ऑपरेशन आहे, आणि आपण नाही म्हटलं की दिवसभर ते न बघितलेलं बाळ डोक्यात. ऑनलाइन मदत करायला जावं तर तिथे साइटवाल्यांची टिप आधीच धरलेली, ती शोधून काढायची आणि काढताना परत आपल्यालाच कसंतरी वाटायचं. या सगळ्यात मी देत नव्हते असं नाही, देत होते, पण सुटका करून घेण्यासाठी देत होते. कुणाला किती दिले हे वर्षाअखेर आठवायचंही नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते 2016 च्या दिवाळीनंतर, नोटाबंदीच्या गडबडीत. मला वाटलं आता ही बाई जुन्या पाचशेच्या नोटा खपवायला सांगणार की काय! तुम्ही म्हणालात, "आज पैसे नकोत, सध्या सगळ्यांचीच ओढाताण आहे. वसतिगृहाची माहिती सांगायला आलेय. रद्दी असली तर द्या." आणि खरंच पंधरा मिनिटं माहिती सांगून, वर्तमानपत्रांचा गठ्ठा काखेत मारून जिना उतरलात. दुसऱ्या दिवशी त्या रद्दीची पावती आणून दिलीत. किती किलो, काय भाव, एकूण एकशे बारा रुपये. रद्दीची पावती मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मग दरवर्षी दसऱ्याच्या आसपास तुम्ही यायला लागलात आणि मी प्रश्न विचारायला लागले, जरा खवचटपणेच. मी विचारलं की माझ्या पैशातले मुलांपर्यंत किती पोचतात आणि पगारात किती जातात. माझं ठाम मत होतं की शंभरातले शंभर मुलांनाच मिळाले पाहिजेत, स्टाफवर खर्च म्हणजे आपल्याला फसवणं. तुम्ही न चिडता जमाखर्चाचा तक्ता काढलात, माझ्याच डायनिंग टेबलावर पसरलात आणि एकेक ओळ दाखवलीत. धान्य, गॅस, वीज, पाणी, आणि मग स्वयंपाकाच्या दोन मावशी आणि रेक्टर बाई. तुम्ही म्हणालात, "या मावशी पहाटे साडेचारला येतात आणि पन्नास मुलींच्या पोळ्या करतात. त्यांना कमी पगार देऊन मी तुला सांगू का की बघ, तुझे सगळे पैसे मुलींनाच गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः पगारावर घर चालवते आणि दुसऱ्या बाईचा पगार मला गैरव्यवहार वाटत होता.

तुमच्याकडूनच कळलं की नोंदणी नसलेल्या मंडळानं वर्गणी गोळा करायची तर त्यालाही धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी लागते, 1950 च्या विश्वस्त कायद्यात तसं कलमच आहे, आणि नोंदणी नंबर विचारणं हा उद्धटपणा नाही. रोखीत दोन हजारांच्या वर दिले तर देणगीवरची 80जी ची आयकर सवलत मिळत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, माझ्या हातातल्या नोटा परत देऊन चेक लिहायला लावलात तेव्हा. मागच्या वर्षी मी नव्या कररचनेत गेले, त्यात ती सवलतच नाही, म्हणून म्हटलं आता पावती नको, कशाला कागद वाया घालवता. तर तुम्ही पावती फाडलीतच आणि म्हणालात की ही तुझ्या टॅक्ससाठी नाही गं, कार्बन कॉपी आमच्याकडे राहते, ऑडिटला मला एकेक नंबर जुळवून दाखवायला लागतो.

पण आभार मानायचेत ते याचे नाहीत. म्हणजे याचेही आहेतच, पण मुख्य दुसरे.

2020 च्या दसऱ्याला माझा पगार निम्मा झालेला होता आणि नवऱ्याचं काम जूनपासून बंद होतं. फ्लॅटचा हप्ता, मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी हप्त्यावरच घेतलेला फोन. बेल वाजली, मी आयहोलमधून बघितलं, तुम्ही मास्क लावून उभ्या होतात, आणि मी मुलाला खुणेनं सांगितलं की आई घरी नाही म्हण. तो दार किलकिलं करून म्हणाला. माझ्या चपला बाहेर स्टँडवर, आत कुकरची शिट्टी. तुम्हाला कळलं नसेल असं होणारच नाही. तुम्ही "बरं बाळा" म्हणालात आणि गेलात. संध्याकाळी दाराच्या कडीत चिठ्ठी होती, ती अजून माझ्याकडे आहे. "यंदा देणगी नको. पुढच्या वर्षीही नको वाटली तर सरळ सांग, दार लावून घेऊ नकोस. वसतिगृहाच्या भांडारात तांदूळ जास्त आलेत, लागले तर फोन कर, कुणाला कळणार नाही."

मी तांदळासाठी फोन केला नाही, तेवढी वेळ आली नाही. पण त्या रात्री मी खूप रडले आणि त्याचं कारण तुम्हाला पुढच्या वर्षी सांगितलं, आठवतंय ना? माझ्या बाबांचं.

बाबा पानशेतच्या पुराच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे 1962 ला, चिपळूणजवळच्या गावातून पुण्यात शिकायला आले आणि दोन वर्षं वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात वार. त्यांनी आम्हाला हे आयुष्यात एकदाच सांगितलं. गुरुवारच्या घरी पोटभर आणि प्रेमानं असायचं. मंगळवारच्या घरी पान मांडलेलं असायचं पण बाहेरच्या बोळकंडीत, आणि दुसऱ्यांदा भात विचारायचा की नाही हे ते त्या घरच्या बाईंच्या चेहऱ्यावरून ठरवायचे. शनिवारच्या घरी एकदा पाहुणे आले होते म्हणून दारातूनच परत पाठवलं, त्यांनी कुणाला सांगितलं नाही, रात्री पाणी पिऊन झोपले. पुढे नोकरी लागल्यावर बाबांनी दारातून कुणालाही रिकाम्या हातानं पाठवलं नाही, पण ते स्वतः कधी दाराशी गेले नाहीत. पैसे आमच्या हातात द्यायचे आणि आतल्या खोलीत जाऊन बसायचे. समोर हात पसरून उभं असलेलं माणूस त्यांना बघवायचंच नाही. मी लहानपणापासून तेच शिकले की मागणं ही इतकी वाईट गोष्ट आहे की त्याच्याकडे बघूसुद्धा नये. तुमच्यावर दार लावलं तेव्हा पगार कमी झाला होता हे निम्मंच कारण, उरलेलं निम्मं हे होतं.

हे सगळं ऐकून तुम्ही बराच वेळ गप्प बसलात आणि मग म्हणालात, "तुझ्या बाबांना सात घरचे चेहरे वाचायला लागले. आमच्या पोरींना एकही वाचायला लागू नये, म्हणून मी फिरते."

काकू, या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. मला तोपर्यंत वाटायचं देणगी मागणारा माणूस म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्यामधला एजंट. तुम्ही मध्ये उभ्या होतात ते आमचे आंबट चेहरे, आमचे खवचट प्रश्न, आमची लावलेली दारं स्वतःवर घ्यायला. पन्नास मुलींच्या वाटचे अपमान तुम्ही चौथ्या मजल्यापर्यंत गुडघे धरून चढून स्वतः गोळा करत होतात आणि मुलींपर्यंत फक्त पोळी पोचत होती. मग मला हेही कळलं की तुमच्या पत्रकावर कधी एकाही मुलीचा फोटो का नसतो. मीच सुचवलं होतं ना की फोटो टाका, लोक जास्त देतील. तुम्ही म्हणालात उद्या ती मुलगी तहसीलदार होऊन याच भागात आली तर तिला दारोदार आपला रडवेला फोटो बघायला लागायचा का.

आपण राहतो तो भागच महर्षी कर्व्यांच्या नावाचा, पण त्यांनीही दारोदार फिरून पै पै जमवली होती हे माझ्या डोक्यात तुम्ही आणलंत. सत्तरी उलटल्यावर 1929 साली परदेशात गेले तेव्हाही बायकांच्या विद्यापीठासाठी निधी मागतच फिरले. ठाकरसींचे पंधरा लाख सगळ्यांना माहीत असतात, नावातच आहे विद्यापीठाच्या, पण ते 1920 मध्ये आले. त्याच्या आधीची कितीतरी वर्षं, हिंगण्याहून पायी जाऊन कुणाच्या तरी ओसरीवर उभं राहणं, ती कुणी मोजलीच नाहीत. आणि मी पन्नासच रुपये देते म्हणून संकोचले होते तेव्हा तुम्ही तळेगावचा काच कारखाना सांगितलात, लोकांच्या पैशापैशातून पैसा फंडानं उभा केलेला. नंतर मुलाला घेऊन मी मुद्दाम तळेगावला गेले होते, ते तुम्हाला सांगायचं राहिलंच.

आता माझं असं आहे की एप्रिलमध्ये डायरीत वर्षाची रक्कम लिहिते, कुणाला द्यायची ते घरात बसून ठरवतो, मुलगाही त्याच्या खाऊच्या पैशातले शंभर सांगतो. बाकी कुणी आलं तर दार पूर्ण उघडून, पाणी विचारून, "यंदा जमणार नाही" म्हणते. मंडळाच्या पोरांनाही म्हटलं, नोंदणी विचारली, आणि गंमत नाही, त्यांनी पुढच्या वर्षी परवानगीचा कागद लॅमिनेट करून आणला. मी त्यांना पाचशे दिले, अगदी आनंदानं. सिग्नलला मात्र अजून ठरवता येत नाही, तिथे माझा जीव दोन्हीकडून कासावीस होतो, त्यावर कधीतरी तुमच्याशी बोलायचंय.

बाबा 2023 मध्ये गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही वसतिगृहात जेवण दिलं तेव्हा तुम्ही आधीच बजावलं होतंत की फलक नको, भाषण नको आणि मुलींना रांगेत उभं करून वाढायचं नाही, आपणही त्यांच्या पंगतीत बसायचं. माझ्या शेजारी परांड्याची एक मुलगी होती, तिनं मला विचारलं, "काकू, भात वाढू का अजून?" आणि मी हो म्हणायच्या आधी वाढलाही.

तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही जिने चढत नाही हे चांगलंच आहे. पण निळी पिशवी माझ्याकडेच राहिलीय आणि रद्दीचे तीन गठ्ठे बांधून ठेवलेत. शनिवारी संध्याकाळी पाचला घेऊन येते. वजन मी केलंय, तरी तुम्ही परत कराल हे माहितीये, तेव्हा काटा काढून ठेवा आणि पावतीबुकही.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची