संज्या, 31 विरुद्ध 28

सिंहगड रोड, पुणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय संज्या,

एवढं लांबलचक पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर गोळीवर, बाकी काही नाही. व्हॉट्सॅपवर लिहायला घेतलं होतं, पण तिथे वर सरकवून बघितलं तर इतक्या वर्षांत नुसते वाढदिवसाचे केक आणि दिवाळीचे कंदील, त्यांच्याखाली हे लिहायला हात उचलेना. म्हणून ईमेल. शेवटपर्यंत वाच.

आज आमच्या डी बिल्डिंगची स्पेशल जनरल बॉडी होती. विषय एकच, पाच बिल्डिंगांच्या फेडरेशनमधून बाहेर पडायचं का. चिठ्ठ्या टाकून मतदान. 64 फ्लॅट, 59 मतं पडली, बाहेर पडा 31, राहा 28. सेक्रेटरी मी, त्यामुळे चिठ्ठ्या मीच मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि मग मोबाईलवर टक्के काढले. साडेबावन्न. समोर एवढा आरडाओरडा चालला होता आणि मला एकदम तू दिसलास, इंग्लंडमधल्या स्लाऊच्या त्या घरात पहाटे टीव्हीसमोर ब्रेक्झिटचा निकाल बघत बसलेला. घरी येऊन हिला सांगितलं तर ती म्हणाली सोसायटीच्या भांडणात संजयभावजी कुठून आले. तिला कुठून सुरुवात करून सांगणार. गुडलक कॅफेपासून की त्याच्याही आधी गच्चीवरच्या कॅरमपासून?

24 जून 2016 ला, ब्रिटननं युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं याचा निकाल लागला त्या दिवशी, मी तुला फोन केला तेव्हा माझ्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून केला होता. तू म्हणालास, "मी लीव्हला दिलं, बाहेर पडायला." आधी मला वाटलं चेष्टा करतोयस. मुळात तुला मत आहे हेच मला माहीत नव्हतं. भारतीय पासपोर्ट असून केवळ कॉमनवेल्थमधला म्हणून तुला मत, आणि तुझ्या शेजारची फ्रेंच बाई, वीस वर्षं तिथे टॅक्स भरणारी, ज्या युनियनचा प्रश्न होता तिथलीच नागरिक, तिला नाही. मग मी सुरूच झालो. लीव्हवाल्यांच्या प्रचाराच्या बसवरचे, युनियनला जाणारे 35 कोटी पौंड आठवड्याला, तो आकडा ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करताच लिहिलाय, युरोपकडून परत येणारा पैसाही धरलेला नाही, तुला हिशोब येतो ना, मग असं बरंच. तू म्हणालास बस बघून कोण मत देतं रे. तू ग्रीनलँड काढलंस, ते 1982 ला मत घेऊन 1985 ला बाहेर पडले, बुडाले का? मी म्हणालो तिथे माणसं किती, आपल्या पर्वती मतदारसंघाइतकी पण नाहीत, आणि भांडण मासेमारीचं होतं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी खासदार जो कॉक्स हिचं नाव घेतलं. मतदानाच्या आठवडाभर आधी त्या बाईचा भर रस्त्यात खून झाला होता आणि मी ते असं बोललो जणू तुझ्या मताचा त्याच्याशी संबंध आहे. तू गप्प झालास. आणि त्या गप्प राहण्यावर मी म्हणालो, "तुला कळत नाही तर मत कशाला दिलंस?"

हे वाक्य तुला पाठ असणार. मलाही आहे. आज सभेत 31 आकडा वाचून दाखवताना समोर टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे बघून हेच वाक्य जसंच्या तसं माझ्या मनात आलं, आणि मला इतकी लाज वाटली की मी प्रोसिडिंग बुक उचलून सरळ गॅलरीत गेलो.

मी राहायच्या बाजूनं मत दिलं. पण चिठ्ठीवरचा प्रश्न मी लिहिला होता, खरं दुखणं ते आहे. "डी बिल्डिंगने फेडरेशनमधून बाहेर पडावे का? होय / नाही." सुटसुटीत केलं की भांडणं कमी होतील असं मला वाटलं. मतदानाआधी महिनाभर ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, बाहेर पडलो तर फ्लॅटमागे महिन्याला 1,400 रुपये वाचतील. त्यात वॉचमन, टँकर, एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, सगळं धरलं होतं, आणि बाहेर पडलो म्हणून आपल्याला वॉचमन लागणार नाही का, पाणी लागणार नाही का? मी उत्तर म्हणून एक्सेल शीट टाकली, चार पानांची. कोणी उघडलीसुद्धा नाही. आणि उघडली असती तरी फरक पडला नसता हे आता कळतंय, कारण चिडायचं कारण खरंच होतं. आपली टू बीएचके आणि त्या पलीकडच्या रो हाऊसवाल्यांची फेडरेशनची वर्गणी सारखीच, स्विमिंग टँकची गळती काढायला तीनदा पैसे घेतले, आणि आमचे लोक मीटिंगला जाऊन काही बोलले की त्यांना खाली बसवायचे. दहा वर्षं खाली बसवलं, आज चिठ्ठी हातात मिळाल्यावर त्यांनी ती वापरली. तू त्या दिवशी मला दुसरं काय सांगत होतास? भाच्याचं सांगत होतास, शिकून झाल्यावर तिथे थांबायचा व्हिसा 2012 ला बंद केला आणि युरोपातला माणूस मात्र बॅग उचलून येतो. मी म्हणालो युनियन सोडल्यानं तुझ्या भाच्याला काय मिळणार? पुढे 2021 मध्ये दोन वर्षं थांबायचा व्हिसा परत सुरू झालाच. तो युनियनमध्ये राहूनही देता आला असता असं मला अजून वाटतं, तो बंद लंडननं केला होता, ब्रसेल्सनं नाही. पण तू रागावला होतास ती गोष्ट हवेतली नव्हती. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आता मुख्य ऐक. रात्री जेवण झाल्यावर मी 31 वाल्यांपैकी सात जणांना फोन केले, ज्यांनी सभेत उघड सांगितलं होतं त्यांना. एकच विचारलं, बाहेर पडायचं म्हणजे नक्की काय करायचं? पहिल्या मजल्यावरच्या काकूंना मेंटेनन्स कमी हवाय, बाकी सगळं आहे तसं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या नव्या जोडप्याला क्लबहाऊस आणि टँक चालू राहायला हवाय, फक्त फेडरेशनची कमिटी नको. पाटील साहेबांना आपलं वेगळं गेट हवंय, ते गेट ए बिल्डिंगच्या पार्किंगमधून काढावं लागेल. एकाचा फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे, त्याला काहीच नकोय, त्याला चेअरमनला धडा शिकवायचा होता. एक जण म्हणाले की असं दाखवलं तर ते घाबरून वर्गणी कमी करतील, खरं बाहेर कुठे पडायचंय. सात फोन, सात उत्तरं. आणि होय वर टिक सगळ्यांची.

तुमच्या पार्लमेंटचं तेच झालं होतं ना रे! तेव्हा मी रात्री जागून बघायचो. जानेवारी 2019 मध्ये पंतप्रधान थेरेसा मेचा बाहेर पडायचा करार 432 विरुद्ध 202 नं पडला. मग मार्चमध्ये खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मांडले, आठही पडले, एप्रिलच्या एक तारखेला परत चार मांडले, तेही पडले. मी इथे बसून हसत होतो, तुला चिडवायला म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, पाठवले नाहीत एवढंच. आता वाटतं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. 1 कोटी 74 लाख माणसांनी एका शब्दावर मत दिलं, बाहेर, आणि प्रत्येकाचं बाहेर वेगळं. राहायचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, आहे तेच. बाहेर म्हणजे नॉर्वेसारखं, युनियनच्या बाजारात राहून, की कॅनडासारखं, नुसता व्यापार करार करून, की काहीच करार नाही, हे चिठ्ठीवर कुठे होतं? आणि मी तर तुमचं सगळं बघून, वाचून, त्यावर तुझ्याशी भांडून, नऊ-दहा वर्षांनी तीच चिठ्ठी स्वतःच्या हातानं टाईप केली.

आणि आयर्लंड. आपण दीड तास भांडलो त्यात हा शब्द एकदाही आला नाही, आठवून बघ. मग पुढची सगळी वर्षं ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड देश यांच्यामधल्या त्या 500 किलोमीटरच्या हद्दीवरच गेली. 1998 च्या शांतता करारानंतर तिथल्या चौक्या गेल्या, लोक इकडून तिकडे कामाला, दवाखान्यात जायला लागले, आणि एक बाजू युनियनमध्ये राहणार, एक बाहेर जाणार तर मालाची तपासणी करायची कुठे? जमिनीवर नको म्हणून शेवटी समुद्रात आणली, म्हणजे देशाच्या देशातच. आमच्याकडे ती हद्द म्हणजे एसटीपी. सी बिल्डिंगच्या बागेखाली आहे, पाण्याची मोठी टाकी बी च्या खाली, आणि आमची ड्रेनेजची लाईन दोन्हीकडून फिरून जाते. तीन तासांच्या सभेत हा विषय एकदा निघाला. वरच्या मजल्यावरचे एक इंजिनियर उठून बोलायला लागले तर लोक म्हणाले ते टेक्निकल आहे, नंतर बघू.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं वाचलं होतंस का? 2017 ला महापालिकेत घेतली आणि पुढे परत बाहेर काढून दोघांची मिळून नगरपरिषद केली. सभेत त्याचाही दाखला दिला गेला. पण ते सरकारनं केलं, आमच्यामागे सरकार नाही, मी आहे.

तर आता मी काय करू? तू सोडून कोणाला विचारू कळत नाही, इथे सगळे एक तर 31 मधले नाही तर 28 मधले. 31 वाले म्हणतात उद्याच फेडरेशनला पत्र दे. आमच्या करारात तीन महिन्यांची नोटीस आहे, पत्र दिलं की दिवस मोजायला सुरुवात. मेनं पण मार्च 2017 मध्ये कलम 50 चं, म्हणजे बाहेर पडायच्या नोटिशीचं, पत्र दिलं, दोन वर्षांचं घड्याळ चालू केलं, आणि नक्की काय मागायचं ते तिच्याच पक्षात ठरलेलं नव्हतं. मला ते करायचं नाहीये. 28 वाले म्हणतात मतदान परत घे, लोकांना आता कळलंय. आणि इथे मी अडकतो. 2019 ला मी स्टेटसला टाकलं होतं की ब्रिटननं परत मत घ्यावं, तू बघितलं होतंस, तुझं नाव दिसलं होतं यादीत. आज तीच मागणी माझ्यापुढे आली आणि मला पहिल्या मजल्यावरच्या काकू दिसल्या, दुखऱ्या पायानं जिना उतरून आल्या होत्या मत द्यायला. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू की काकू, उत्तर चुकलं, परत या?

राजीनामा द्यावा असंही वाटतं. तेव्हाचा पंतप्रधान कॅमेरॉननं निकालाच्या सकाळीच जाहीर केला, ज्यावर विश्वास नाही ते दुसऱ्यानं करावं. मे पण रिमेनची, राहायच्या बाजूचीच होती, तिनं ते अंगावर घेतलं आणि शेवटी दोन्हीकडच्यांच्या शिव्या खाल्ल्या. ही म्हणते दे सोडून, पगार मिळतो का तुला. पण मी सोडलं तर ज्यांना चेअरमनला धडाच शिकवायचाय ते खुर्चीवर बसतील आणि मग नळाला पाणी येईल की नाही हे कोण बघणार? माझ्या डोक्यात असं आहे की पत्र द्यायच्या आधी एक महिना मागावा. 31 मधले तीन, 28 मधले तीन, तो इंजिनियर सातवा, आणि लिहून काढायचं, गेट, पाणी, एसटीपी, क्लब, प्रत्येकाचं काय आणि पैसे किती. मग तो कागद सगळ्यांपुढे ठेवायचा, हे असं बाहेर पडायचं का म्हणून. तुला हे परत मत घेणंच वाटतं का? तुझ्यासारख्या लीव्हवाल्याला त्यात दगाबाजी वाटेल का? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तू तसा कधी सांगत नाहीसच, शेळके सरांसमोर माझी कॉपी तूच उघडी पाडली होतीस, ते मी अजून विसरलेलो नाही!

बाकी पिंकीचं कॉलेज कुठे ठरलं? वहिनींचा खांदा बरा आहे का, फिजिओ चालू आहे असं बंड्याकडून कळलं. घराचा हप्ता वाढल्याचंही त्याच्याकडूनच. डिसेंबरला येणार असशील तर आई पुरणपोळी करते म्हणाली, गुडघ्याचं बघू नको म्हणते.

काका गेले तेव्हा मी घरी जाऊन आलो होतो, दहा दिवस रोज गेलो, काकूंनी तुला सांगितलं असेल. तुझी विमानं बंद, तू तिकडे एकटा, आणि मी तुला फोन केला नाही. रोज नंबर काढायचो. आता आधी कशाबद्दल बोलायचं, काकांबद्दल की त्या दिवसाबद्दल, हे ठरेना आणि मग राहूनच गेलं. हे मला कधीतरी लिहायचंच होतं.

फेडरेशनची मीटिंग पुढच्या रविवारी सकाळी अकराला आहे, म्हणजे तुझ्याकडे पहाट. शनिवारी फोन कर, कितीही वाजता, मी जागा आहे. आणि एक प्रश्न त्याआधी विचार करून ठेव. तू तेव्हा सांगितलं होतंस की तिथे मत द्यायला पेन्सिल असते, दोरीला बांधलेली, आणि तू बराच वेळ ती हातात धरून उभा होतास. फुली मारताना तुला नक्की कसलं बाहेर पडणं हवं होतं रे? दीड तास बोललो आपण, मी ते विचारलंच नाही.

तुझाच,
मध्या