तक्रार 'निकाली' निघाली म्हणे! आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

भावाच्या उपचारांबद्दल मी तुमच्या खात्याकडे तक्रार केली होती. काल मोबाईलवर मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' पंधरा दिवसांत लेखी खुलासा देतो, असं तुमच्या खात्यातल्या साहेबांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. त्याला चार महिने झाले.

माझा धाकटा भाऊ शिरूर तालुक्यात टोमॅटो करतो. फवारताना त्याला मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक बाधलं. (आमच्याकडे त्यालाही 'औषध'च म्हणतात आणि उताऱ्यालाही.) पुण्यात आणला तेव्हा तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पोरसवदा डॉक्टरांनी ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, सुरू केलं, म्हणून तो जगला. त्यांचे पाय धरीन. तक्रार पुढची आहे.

दुसऱ्या रात्री तो हवेतले टोमॅटो खुडायला लागला. चादरीचे धागे उपसायचा, सहा वर्षांपूर्वी गेलेल्या वडिलांना 'मोटार बंद करा' म्हणून ओरडायचा. अंग तापलेलं पण घामाचा टिपूस नाही, जीभ लाकडासारखी, पोट फुगलेलं. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, दारू सुटली की असंच करतात. साहेब, माळकरी माणूस आहे तो! बँडेजने दोन्ही हात खाटेला बांधले. मी रात्री दोन वाजता वहिनीला फोन करून सांगितलं, त्याचं डोकं गेलं. ते शब्द आता परत घेता येत नाहीत.

सकाळी राउंडच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत ओळखलं, ॲट्रोपिन जास्त झालंय. ड्रिप थांबवली, नळी घातली, लिटरभर तुंबलेली लघवी निघाली. नंतर कमी प्रमाणात पुन्हा सुरू केलं. संध्याकाळी त्याने मला नावाने हाक मारली.

म्हणजे हे सगळं ठाऊक असलेलं आहे. ॲट्रोपिन कमी पडलं तर छातीत पाणी, जास्त झालं तर भ्रम, ताप, तुंबलेली लघवी. म्हणून छाती, नाडी, काखेतला घाम, आतड्यांचा आवाज पुन्हा पुन्हा तपासायचा असतो. पण रात्री तपासणार कोण? एक सिस्टर आणि साठेक पेशंट, जमिनीवरचे धरून. मी मोजायला गेलो नाही. ॲम्पूल ०.६ मिलिग्रॅमची. ३ मिलिग्रॅम द्यायचे तर पाच फोडा, फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी दहा. सिस्टरची बोटं कापलेली मी पाहिलीत. पॅम, म्हणजे दुसरा उतारा, त्याचं इंजेक्शन तर घाईत ढकललं की उलट्या, रक्तदाब, हृदयही बंद पडू शकतं. ते वीस-तीस मिनिटं घेऊन द्यायचं. याच पॅमवर आपल्याच जिल्ह्यात, बारामतीत, संशोधन झालं, २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, असोत. पण खाटेला या तपासण्यांचा एक तक्ता आणि नातेवाइकांना मराठीत एक कागद, एवढं तरी?

आणि मुळात हे विष टोमॅटोवर आलंच कसं? भाज्यांवर त्याला २००५ पासून बंदी आहे. दुकानदार तरी देतो, बिल मागितलं तर हसतो. ते खातं तुमचं नाही, कृषीचं, हेही ऐकून झालंय. २०१७ ला यवतमाळात फवारणीने वीसहून अधिक माणसं गेली, समित्या बसल्या. त्या उठल्या का?

भाऊ घरी आहे. मनगटांवरचे वळ गेले, वहिनी मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आपला,
एक हडपसरकर

ता.क. मेसेजच्या खाली होतं, 'समाधानी असल्यास १ दाबा.' नसल्यास काय दाबायचं, ते दिलेलं नाही.