थांबायचं कुठे, हे आधी ठरव

डिचोली, रविवार

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री झुवारीच्या पुलावर एक गाडी चारही इंडिकेटर लावून उभी होती, तू वेग कमी केलास पण थांबली नाहीस, आणि घरी पोचेपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं, असं तू आईला सांगितलंस. आई म्हणाली, एकट्या मुलीने रात्री थांबायचंच नाही. मला ते पुरतं पटत नाही. पण पुलावर थांबली नाहीस हे तू बरोबर केलंस, फक्त त्याचं कारण आईला वाटतं त्याहून वेगळं आहे. सकाळी तू घाईत मडगावला परत निघालीस, आणि दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहितो.

मदतीला थांबणाऱ्याला बंद गाडीतल्या माणसापेक्षा मागून येणाऱ्या गाडीचा धोका जास्त असतो. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. तू चालकाला दिसलीस आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात ३० मीटर संपले. मग ओल्या डांबरावर गाडी पूर्ण थांबायला आणखी ६० मीटर सहज लागतात. म्हणजे शंभर मीटर अलीकडे त्याला काही दिसलं नसेल, तर तो थांबू शकत नाही, कितीही चांगला चालक असो. पुलावर बाजूला उतरायला माती नाही, पळायला जागा नाही, वर पाऊस असेल तर दिसतही नाही. म्हणून पुलावर, वळणावर, चढाच्या माथ्याशी आणि जिथे कसल्या कामाने रस्ता अरुंद झालाय तिथे गाडी थांबवायचीच नाही. पूल उतर, पेट्रोल पंप किंवा उजेडातलं दुकान गाठ, गाडी डांबराच्या बाहेर घे आणि तिथून ११२ ला फोन कर. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ आहे. पूल ओलांडून दोन किलोमीटरवरून केलेला हा फोन म्हणजे मदतच. काल राहिलं असेल तर तेवढंच राहिलं.

फोनवर काय सांगायचं तेही ठरवून ठेव. ‘झुवारी पुलावर गाडी बंद आहे’ एवढं पुरत नाही. पणजीकडून मडगावकडे जाणारी बाजू की उलटी, पुलाच्या कुठल्या टोकाकडे, कुठल्या रंगाची गाडी, दिवे चालू आहेत की नाहीत, बाहेर माणसं उभी आहेत का. घाटात किलोमीटरचा दगड सांग. चोर्ल्यात केरीच्या वर रेंज येते-जाते, अनमोडलाही तेच. तिथे बंद पडलेल्याला सांगायचं की तुम्ही इथेच थांबा, रेंज आली की मी फोन लावते. आणि खाली उतरल्यावर विसरायचं नाही.

आता थांबण्याजोगी जागा मिळाली असं धर. बंद गाडीच्या मागे नाही, पुढे १५-२० मीटरवर थांब. डाव्या बाजूची चाकं मातीत, स्टिअरिंग डावीकडे वळवलेलं, हँडब्रेक ओढलेला, चारही इंडिकेटर चालू. तुझ्या छोट्या गाडीने मागच्या ट्रकला अडवता येत नाही, म्हणून ढाल व्हायला जाऊ नकोस. उतरताना वाहतूक अंगाजवळून जात असेल तर डाव्या दाराने उतर. दोन गाड्यांच्या मधे कधी उभं राहायचं नाही, मागची गाडी ढकलली गेली तर माणूस चिरडतो तो तिथेच. रेलिंग असेल तर सगळ्यांना रेलिंगच्या पलीकडे ने, मुलांना आधी. गाडीत बसून राहणं सुरक्षित वाटतं, पण महामार्गावर ते नसतं.

लाल त्रिकोण तुझ्या डिकीत स्टेपनीच्या बाजूला प्लास्टिकच्या लांबट डब्यात आहे. तो गाडीच्या मागे चार पावलांवर ठेवणारे लोक खूप दिसतात. त्याचा काही उपयोग नाही. महामार्गावर किमान शंभर मीटर, म्हणजे साधारण १३० पावलं मागे जायचं, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेने, उघडलेला त्रिकोण छातीसमोर धरून. घाटात वळणाच्या अलीकडे ठेव, वळल्यावर दिसून उपयोग नाही. मधे दुभाजक नसलेला दोन्ही दिशांचा रस्ता असेल तर समोरच्या बाजूलाही काहीतरी हवं, तिथे झाडाची फांदी चालते. ट्रकवाले चिरे किंवा दगड मांडतात आणि गाडी सुरू झाली की तसेच टाकून जातात. रात्री त्या दगडावर स्कूटर आदळते. जिथे जिथे मदत करशील, तिथले दगड स्वतः उचलून गटाराच्या पलीकडे टाकल्याशिवाय निघू नकोस.

माणूस कसा आहे हे कपड्यांवरून किंवा नंबरप्लेटवरून ठरवू नको. काच दोन बोटं खाली, दारं लॉक, गाडी गिअरमध्ये. ‘काय झालं? फोन लावलात का?’ एवढंच विचार. बहुतेक वेळा उत्तर येतं की मेकॅनिक येतोय. मग निघायचं. ‘मी फोन लावते’ म्हटल्यावर जो ‘नको, तुम्ही उतरून बघा’ असा आग्रह धरतो, त्याच्याकडे उतरायचं नाही. चालत्या गाडीतून कुणी हात करून तुझ्या गाडीतून तेल गळतंय किंवा चाक हलतंय असं सांगितलं तर जागच्या जागी थांबू नकोस, पुढच्या पंपावर बघ. काचेवर अंडं फुटलं तर वायपर आणि पाणी लावू नकोस, पांढरा थर पसरतो आणि समोरचं दिसेनासं होतं. एकटी असताना लिफ्ट द्यायची नाही. त्यापेक्षा कदंबच्या सरकारी बसचा थांबा किंवा पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, कुठे मिळेल ते सांग. आणि चालकाच्या तोंडाला दारूचा वास आला तर त्याची गाडी सुरू करून द्यायची नाही. ११२ ला फोन कर. अशा वेळी त्याची गाडी बंद आहे हेच बरं.

आईच्या म्हणण्यातलं घ्यायचं ते हे: रात्री, एकटी, ओसाड जागा, असं तिन्ही एकत्र आलं की उतरायचं नाही, फक्त फोन. दिवसा, वस्तीजवळ, किंवा आधीच दोन-चार माणसं थांबली असतील तर उतर.

उतरलीस की निम्म्या वेळा पान्याचीही गरज पडत नाही. काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी, आणि तिच्यावरच्या पाहुण्याला तिची सवय नसते. स्कूटर सुरू होत नसेल तर आधी हँडलवरचा इंजिन बंद करायचा लाल किल-स्विच बघ, मग साइड स्टँड वर आहे का, मग ब्रेकचा लिव्हर दाबून बटण दाब. नव्या स्कूटरींत स्टँड खाली असेल तर इंजिन लागतच नाही. कारची किल्ली फिरत नसेल तर स्टिअरिंग लॉक झालंय. स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवायची. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एन मध्ये आहे का बघ. बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल संपलेला असतो. बऱ्याच गाड्यांत रिमोटच बटणाला टेकवून धरला की ती सुरू होते. एवढ्यानेही काम झालं नाही तर ज्याची गाडी आहे त्याला फोन लावायला सांग, भाड्याच्या किल्लीच्या चेनवर बहुधा त्याचा नंबर असतो.

किल्ली फिरवल्यावर नुसतं कट्-कट् वाजतं आणि दिवे मंद होतात, तर बॅटरी उतरलीय. पावसात वायपर, दिवे, एसी सगळं एकदम चालतं, त्यामुळे जुनी बॅटरी पावसातच दगा देते. आधी टर्मिनल हलवून बघ. पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते, क्लॅम्प सैल असतो, घट्ट बसवला की कधी कधी गाडी तेवढ्यावर लागते. नाहीतर जंपर केबल, म्हणजे तुझ्या बॅटरीवरून त्यांच्या गाडीला वीज द्यायच्या लाल-काळ्या तारा. क्रम चुकवायचा नाही: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक तुझ्या प्लसला, काळी तुझ्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक उतरलेल्या बॅटरीला नाही, त्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी उडाली तर बॅटरी फुटते, आतलं आम्ल डोळ्यात जातं. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर दोन्ही गाड्यांचे फ्यूज आणि इलेक्ट्रॉनिक्स जातात. गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. तुझं इंजिन पाच मिनिटं चालू ठेव, मग त्यांनी स्टार्टर मारायचा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. सुरू झाली की केबल उलट्या क्रमाने काढायच्या, आणि त्यांनी इंजिन अर्धा तास तरी बंद करायचं नाही. ट्रकवाला चांगुलपणाने केबल द्यायला आला तरी नको म्हणायचं. मोठ्या ट्रक-बसना २४ व्होल्ट असतात, कारला १२.

घाटात बॉनेटखालून वाफ निघताना दिसेल. तिथे तुझं मुख्य काम म्हणजे त्या माणसाचा हात रेडिएटरच्या झाकणावरून बाजूला करणं. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो, सगळ्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर येते. झाकणाशी बारीक सुस्कारा ऐकू येतो, तो ऐकला की हात मागे. इंजिन बंद, बॉनेट उघडं, अर्धा-पाऊण तास वाट बघायची. वरचा रबरी पाइप जाड फडक्याने दाबून बघ. टणक असेल तर अजून दाब आहे, मऊ पडला असेल तर फडकं ठेवून झाकण हळूहळू फिरवायचं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर सिलिंडर हेडला तडा जातो. पाणी भरल्यावर खाली टपकतंय का बघ. टपकत असेल तर फुटका पाइप आहे, ती गाडी टो करूनच जाईल.

चाक बदलायचं असेल तर सपाट, कडक जागा हवी. उतारावर किंवा पावसाने भिजलेल्या मातीवर जॅक लावू नको, तो तिरका होऊन निसटतो. जॅक लावायच्या आधी नट अर्धा फेरा सैल करून घे, हवेत चाक फिरतं आणि नट सुटत नाहीत. तिरक्या कोपऱ्यातल्या चाकामागे दगड. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकव, जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, हातावर नाही. नट समोरासमोरचे आवळायचे, गाडी खाली उतरवल्यावर पुन्हा एकदा. स्टेपनीत बहुधा हवा कमी असते आणि बारीक स्टेपनी असेल तर ताशी ८० च्या वर जायचं नाही, हे त्यांना सांग.

पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करून बघायचा मोह सगळ्यांना होतो. करू देऊ नकोस. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि काही हजारांचं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं. ढकलून कोरड्यावर आणायची, बस. दोरी बांधून ओढायच्या भानगडीतही पडू नको. बंद इंजिनाच्या गाडीला ब्रेक आणि स्टिअरिंग दगडासारखे जड होतात, आणि ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स जातो.

अपघात असेल, माणूस पडलेला असेल, तर वरचा हिशोब बदलतो. रस्त्यावर बसलेल्या गुराला धडकलेला स्कूटरवाला रात्री कुणालाच दिसत नाही आणि पाठोपाठ दुसरी गाडी येते. गाडी सुरक्षित उभी करून आधी रुग्णवाहिकेसाठी १०८, मग त्रिकोण, मग माणूस. ओसाड जागा असेल आणि तू एकटी असशील तर फोन चालू ठेव, दिवे त्याच्यावर टाक, येणारी पहिली गाडी थांबव. आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर त्याला हलवू नकोस, मणक्याची इजा वाढते. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नकोस, पाणी पाजू नकोस. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने सरळ दाब दे आणि दर मिनिटाला उचलून बघू नको. तुझ्या रस्त्यावर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, आहे, पण १०८ कुठे न्यायचं ते ठरवू दे.

पोलिसांच्या फेऱ्यांची भीती बाळगू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, आणि जखमीला पोचवलंस म्हणून इस्पितळ तुझ्याकडे पैसे मागू शकत नाही.

या शनिवारी येशील तेव्हा डिकी रिकामी करून ये. जंपर केबल जाड तारेची आणून ठेवलीय, बाजारातल्या बारीक केबली तापतात आणि स्टार्टर फिरवत नाहीत. कपाळाला लावायची बॅटरी, चमकणारा जॅकेट, हातमोजे, जॅकखाली ठेवायला एक फळी आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन, एवढं मी भरून देतो. जेवण झालं की अंगणात एक चाक तू स्वतः उतरवून परत बसवायचंस, मी फक्त बघणार.

तुझा,
बाबा