तक्रार: जिवंत म्हणून विकलेलं सडकं फायटोप्लँक्टन आणि तुमच्या हेल्पलाइनची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. "तक्रार वर पाठवली आहे" एवढं एकच उत्तर पुन्हा मिळालं, म्हणून आता लेखी देते आहे. पावती, बाटलीचे फोटो आणि बॅच क्रमांक सोबत जोडले आहेत.

माझा ३०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांचा टँक) आहे. त्यात फक्त मऊ प्रवाळ आहेत: टोडस्टूल लेदर, झेनिया, झोआंथस, मशरूम. तुमचं फायटोप्लँक्टन (प्रवाळांना खाऊ घालायचं सूक्ष्म शैवालांचं द्रव) मी बऱ्याच काळापासून घेते आहे आणि इतरांनाही घ्यायला सांगितलं आहे. या वेळची बाटली ऐन एप्रिलमध्ये आली. ऑर्डर देताना 'कोल्ड पॅक'चे वेगळे पैसे तुम्ही घेतलेत. खोक्यात थर्माकोल होता, बर्फाचं पाकीट नव्हतं. वितळलेलं, फुटलेलं असंही नाही, ठेवलेलंच नव्हतं. ज्या बाटलीवर "२ ते ५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा" असं तुम्हीच छापता, ती पुण्याच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून फिरून आली आणि हाताला चक्क कोमट लागली.

एरवी हे द्रव गडद हिरवं असतं आणि त्याला समुद्राचा वास येतो. या वेळी रंग तपकिरीकडे झुकलेला होता, तळाशी साका बसला होता आणि बाटली हलवली तरी तो नीट मिसळत नव्हता, त्याच्या गुठळ्या होत होत्या. वास आंबूस होता. टँकमध्ये एक थेंबही टाकण्याआधी मी तुम्हाला फोन केला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतरच्या प्रत्येक फोनवर मला "आधी विचारायचं ना" असं ऐकवलं गेलं. मी आधीच विचारलं होतं. मिळालेलं उत्तर: "मॅडम, जिवंत प्रॉडक्ट आहे, वास येणारच. वास येतो म्हणजे फ्रेश आहे. बिनधास्त टाका." तुमचे कॉल रेकॉर्ड होतात असं तुमचंच यंत्र सुरुवातीला सांगतं. काढून ऐका.

तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून लेबलवरचाच डोस दिला, रात्री दिवे मालवल्यावर, स्किमर (पाण्यातली घाण फेसासोबत काढणारं यंत्र) अर्धा तास बंद ठेवून. सकाळी पाणी दुधट झालेलं, मासे वर येऊन हपापत होते. सडण्यातून येणारा अमोनिया ०.५ पीपीएम (दहा लाखात अर्धा भाग). रीफ टँकमध्ये तो शून्य असायला हवा, आणि ८.२ पीएचच्या पाण्यात त्याचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. झेनियाचे पंजे दिवसभर उघडमीट करत असतात. ते अर्धे मिटून थांबले होते, आणि संध्याकाळपर्यंत देठ वितळून खडकावर पांढरट बुळबुळीत थर उरला. पाणी बदललं, कार्बन टाकला, स्किमर मोठ्यावर चालवला. मासे वाचले. झेनियाची पूर्ण वसाहत गेली, झोआंथस अर्ध्याहून जास्त मिटले ते उघडलेच नाहीत, आणि हाताच्या पंजाएवढा वाढवलेला टोडस्टूल बुडाशी काळा पडून सडला.

त्यावर तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं की लेदर कात टाकतोय, काळजी करू नका. लेदर कात टाकतो तेव्हा त्याच्यावर मेणचट पापुद्रा येतो, पॉलिप (प्रवाळाची फुलासारखी छोटी तोंडं) काही दिवस आत राहतात, मग पापुद्रा सुटतो आणि तो पुन्हा फुलतो. बुडाशी काळा पडून हाताला गिळगिळीत लागत नाही. फोटो पाठवला होता. उघडून पाहिला नाही.

पण ज्या संभाषणामुळे हे पत्र लिहायची वेळ आली ते वेगळंच. तुमच्या 'वरिष्ठ तांत्रिक सल्लागारां'ना फोन जोडून दिला गेला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर ते आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं: कोमट बाटली, गुठळ्या, वास, अमोनिया. मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, "पाण्यात मीठ कुठलं घालता? घरातलं?" मी म्हटलं, रीफ सॉल्ट, आरओच्या पाण्यात, घनता १.०२५. त्यावर "बरं" म्हणाले आणि पुढे जे म्हणाले ते शब्दशः देते: "मॅडम, प्रवाळाला खाणं लागतच नाही. त्याला उजेड पुरतो. त्यामुळे आमच्या फूडने तो मरायचा प्रश्नच येत नाही." मी विचारलं, मग तुम्ही बाटलीत काय विकता? काही क्षण शांतता. मग, "ते हौशी लोकांसाठी आहे. तुमच्यासारखे लोक नेटवर फार वाचतात." आणि वर, "पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट देतो, तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून."

माझ्या मनाला बरं वाटायला मी फोन केला नव्हता. मी जीवशास्त्र शिकवते. प्रवाळाच्या शरीरातली झूझँथेली (सूक्ष्म शैवालं) उजेडात साखर बनवतात आणि त्याची ऊर्जेची गरज बरीचशी त्यातून भागते, हे बरोबर आहे. पण वाढीला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो आणि तो मोठ्या प्रमाणावर पकडलेल्या प्लँक्टनमधून येतो. म्हणून तर कितीतरी प्रवाळ रात्री, प्राणिप्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) वर येतं तेव्हा, पॉलिप पसरून बसतात. झूझँथेली अजिबात नसलेले प्रवाळही आहेत. लाल समुद्रातला डेंड्रोनेफ्थिया हा मऊ प्रवाळ मुख्यतः फायटोप्लँक्टनवर जगतो, हे १९९५ साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आलं आहे. तुमचा धंदा ज्या गोष्टीवर उभा आहे ती गोष्ट तुमचाच तांत्रिक सल्लागार नाकारतो, आणि नाकारताना ग्राहकाला हौशी म्हणून हिणवतो. प्रवाळ गेले त्याइतकंच हे मला लागलं आहे.

बाटलीतला थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लेबलवर नॅनोक्लोरॉप्सिस आणि टेट्रासेल्मिस अशी दोन शैवालांची नावं आहेत. नॅनोक्लोरॉप्सिस स्वतः पोहत नाही, त्यामुळे त्यावरून मी काही म्हणत नाही. टेट्रासेल्मिसला मात्र चार कशाभिका (पोहायला लागणारे चाबकासारखे धागे) असतात, जिवंत असेल तर तो काचेवर सुसाट पळतो. अनेक थेंब तपासले, एकही पेशी पोहताना दिसली नाही. फुटलेल्या, फिकट पडलेल्या पेशी होत्या आणि भोवती जिवाणूंची वळवळ. आता बाटलीला सडक्या अंड्यांचा वास येतो.

आणखी एक. बाटलीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष एका स्टिकरवर छापलं आहे. स्टिकरचा कोपरा सुटला आहे आणि खाली दुसराच, जुना महिना दिसतो. वजनमापांवर देखरेख ठेवणाऱ्या वैधमापन खात्याच्या २०११ च्या (पॅकबंद वस्तू) नियमांनुसार ही माहिती बदलण्यासाठी वरून स्टिकर लावता येत नाही. फोटो जोडला आहे. याचं उत्तर मला हेल्पलाइनकडून नको, तुमच्या सहीने हवं.

जाताजाता, तुमच्या जाहिरातीत भारतातल्या घरगुती टँकमध्ये केशरी सन कोरल हा दगडी प्रवाळ दाखवला आहे. सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मी ते ठेवत नाही. नवख्या माणसाला तुम्ही कशाचा मोह घालता आहात?

बाटलीची किंमत, न पाठवलेल्या कोल्ड पॅकचे पैसे आणि मेलेल्या प्रवाळांची भरपाई (यादी जोडली आहे) मला १५ दिवसांत मिळावी. ही बॅच विक्रीतून काढा आणि ज्यांना ती गेली आहे त्यांना कळवा. "वास येतो म्हणजे फ्रेश" हे उत्तर तुमच्या माणसांनी आजपासून बंद करावं, कारण उद्या आणखी कुणीतरी असाच आधी फोन करून विचारणार आहे. सवलतीचं कूपन नको, ते रद्द करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, तुमच्या शहरात खेपा घालाव्या लागत नाहीत. स्टिकरची तक्रार वैधमापन खात्याकडे वेगळी जाईल.

तुमचा माल चांगला होता. याच टँकमधला टोडस्टूल त्यावरच वाढला होता, म्हणून जास्त राग येतो.

उरलेली बाटली स्टिकरसकट पिशवीत बंद करून ठेवली आहे. तपासणीला न्यायची असेल तर आधी लेखी कळवा. अर्धीच देईन, पंचांसमोर, पोचपावती घेऊन.

आपली ग्राहक,
(सही)
पुणे