हिवाळ्यात आरव्ही घेऊन दक्षिणेला

टूसॉन, ॲरिझोना
१४ सप्टेंबर

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

काका-काकू डिसेंबरात साताऱ्याहून येताहेत आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या बर्फात त्यांना घरात कोंडण्याऐवजी तुझी २५ फुटी क्लास-सी आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली घरगाडी, घेऊन दोन महिने दक्षिणेला जायचं, हा बेत झकास आहे. तू लिहितोस, ‘बुकिंग काही करायचं नाही, ऊन असेल तिथे आपण.’ यातला दुसरा भाग पटला, पहिला नाही. निदान सगळीकडे नाही.

फ्लोरिडा आधी यादीतून काढ. तिथली स्टेट पार्कं बाहेरच्या राज्यांतल्या लोकांना १० महिने आधी आणि फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी बुक करता येतात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या चांगल्या जागा तेव्हाच उडतात. आयत्या वेळी हाती लागतात ते महागडे खासगी पार्क किंवा कुणी रद्द केलेली एखादी रात्र. टेक्सासच्या स्टेट पार्कांचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं. तिथे रविवार ते गुरुवार बऱ्याचदा जागा मिळून जाते, शुक्रवार-शनिवार मात्र विसर. खरा मोकळेपणा आहे तो पश्चिमेला, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात, कारण तिथे बीएलएमची (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे केंद्राचं जमीन खातं) सरकारी जमीन अफाट पसरलेली आहे. साधारण नियम असा, की एका ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट राहा, मग पुढे सरका. त्याहून जास्त मुक्काम हवा असेल तर क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसा आणि युमाजवळ इम्पिरियल डॅम इथे लाँग-टर्म भाग आहेत. त्यांचा हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. पूर्ण हंगामाचा परवाना मिळतो तसा १४ दिवसांचाही मिळतो, आणि एकदा घेतला की जागा राखून ठेवायची भानगड नाही. मोकळी जागा दिसली की गाडी लाव.

म्हणून माझं म्हणणं असं: तीन-चार ठिकाणं आत्ताच बुक करून टाक, मधले दिवस हवामान बघून ठरव. बुक करायची ती नाताळ ते नववर्षाचा आठवडा, टेक्सासच्या किनाऱ्यावरचा एखादा शनिवार-रविवार आणि टेक्सासमधलंच बिग बेंड नॅशनल पार्क. बिग बेंडमध्ये डोंगरातल्या चिसोस बेसिनच्या नादी लागू नकोस. रस्ता इतका चढाचा आणि वळणांचा आहे की पार्कवाले २४ फुटांहून लांब आरव्ही तिथे नेऊ नका म्हणतात, आणि तुझी एका फुटाने अडते. रिओ ग्रान्दे व्हिलेज नदीकाठी, खालच्या उंचीवर आणि उबदार आहे. पूर्ण हूकअपच्या (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या) तिथे जेमतेम २५ जागा आहेत. दिसायला तो निव्वळ पार्किंग लॉट, पण काकूंना रात्री हीटर मिळेल.

आता मुद्द्याचं. हूकअपशिवाय किती दिवस काढता येतात, त्यावर तुझा मोकळेपणा ठरतो. समज तुझी ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलनची आणि ग्रे (भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची), ब्लॅक (संडासाची) प्रत्येकी ३० गॅलनच्या आहेत. चार माणसं काटकसरीने वागली तरी भांडी, हात-तोंड आणि दिवसाआड दोन-दोन गॅलनची आंघोळ धरून रोज ११-१२ गॅलन जातातच. म्हणजे ताजं पाणी तीन दिवसांहून थोडं जास्त पुरेल आणि ग्रे टाकी त्याच्याही आधी भरेल. आपल्या स्वयंपाकात तर ती हमखास आधी भरते. उपाय साधे आहेत. कढई-तवा आधी कागदाने पुसायचे, मग धुवायचे. तेल-मसाला टाकीत गेला की सेन्सरवर थर बसतो आणि रिकामी टाकीही ‘दोन तृतीयांश’ दाखवते. आंघोळी शक्य तिथे कॅम्पग्राउंडच्या किंवा ट्रक स्टॉपच्या शॉवरमध्ये उरकायच्या. चाकांची १५ गॅलनची पोर्टेबल टाकी घेतलीस तर गाडी न हलवता ग्रेचं पाणी डंप स्टेशनला (टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी) नेता येतं. ते जमिनीवर सोडायचा विचारही करू नकोस.

ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह हूकअपवर असतानाही बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं, मैला मागे राहून संडासाच्या नळीखाली ढीग होतो आणि वाळला की काही केल्या सुटत नाही. टाकी दोन तृतीयांश भरू दे, मग एकदम सोड. आधी ब्लॅक, मागून ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो.

विजेचं गणित याहून नाजूक आहे. वाळवंटात दिवसा कितीही ऊन असो, जानेवारीच्या रात्री पारा ४० फॅरनहाइटच्या खाली जातो. फर्नेस (गाडी गरम ठेवणारी भट्टी) प्रोपेन गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, सुमारे ७ अँपिअर खातो. दहा तासांच्या रात्रीत तो चार तास फिरला तर २८ अँपिअर-तास गेले. दिवे, पंप, गॅस डिटेक्टर आणि फोन मिळून आणखी वीसेक धर. म्हणजे एका रात्रीत ५० च्या आसपास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे १०० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत तुझी एक रात्र कशीबशी निघते. दोन हव्यात, किंवा १०० ची एक लिथियम. लिथियमची एक खोड आहे: ३२ फॅरनहाइटखाली ती चार्ज करायची नाही, सेल कायमचे बिघडतात. ती गाडीच्या आत बसवलेली बरी.

सोलरवर फार विसंबू नकोस. डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजावर जेमतेम ३४ अंश चढतो, आणि छतावरच्या आडव्या पॅनेलला ते ऊन तिरकं लागतं. २०० वॉटच्या पॅनेलमधून दिवसाला ४० अँपिअर-तास मिळाले तरी खूप. पॅनेल दक्षिणेकडे उभं करता आलं तर बराच फरक पडतो. बाकी जनरेटर आहेच. त्याची एक गंमत ध्यानात ठेव. क्लास-सीचा जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि त्याची नळी साधारण पाव टाकीच्या वर ठेवलेली असते, म्हणजे पेट्रोलअभावी तू वाळवंटात अडकू नयेस. पाव टाकीखाली जनरेटर बंद पडला की लोक मेकॅनिक शोधत बसतात.

प्रोपेनचा हिशोब: एका गॅलनमध्ये ९१,५०० बीटीयू (उष्णतेचं माप), तुझा फर्नेस तासाला ३०,००० चा, म्हणजे तीन तासांना एक गॅलन. टाकीत दहा गॅलन मावत असेल तर रात्री चार तासांच्या हिशोबाने सात-साडेसात थंड रात्री, स्वयंपाक धरून थोड्या कमी. तुझी टाकी गाडीलाच जोडलेली असल्यामुळे भरायला अख्खी गाडी न्यावी लागते. डंप, पाणी आणि गॅस एकाच फेरीत उरकायचं.

निघताना गाडी कोरडीच ठेव. ऑक्टोबरात तू पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरशील, ते जॅक्सन, मिसिसिपीपर्यंत काढू नकोस. तोवर पिण्याचं पाणी कॅनमध्ये, आणि टॉयलेटला तेच गुलाबी अँटिफ्रीझ कपभर टाकून फ्लश. आय-५५ महामार्गाने जॅक्सन सुमारे ७५० मैल आहे, काका-काकूंना घेऊन तीन दिवस लाव. खाली पोचलास की पाइप धू. मग दर १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच टाकून टाकी भर, ब्लीचचा वास येईपर्यंत प्रत्येक नळ उघड, चार तास तसंच ठेव आणि पुन्हा धू. वॉटर हीटरची टाकी वगळणारी बायपास कळ परत फिरवायला विसरू नकोस. हीटरची टाकी भरण्याआधी विजेचं बटण दाबलंस, तर एलिमेंट मिनिटाभरात जळतं. परतीला फेब्रुवारीअखेर हाच सगळा प्रकार उलटा, त्याच जॅक्सनला. दोन-तीन गॅलन गुलाबी अँटिफ्रीझ जाताना बरोबरच ने.

मार्ग ठरवताना नकाशात अक्षांशाइतकीच उंची बघ. दर हजार फुटांना पारा ढोबळमानाने साडेतीन अंश फॅरनहाइट उतरतो. फ्लॅगस्टाफ ॲरिझोनातच आहे, पण ७,००० फुटांवर आणि बर्फाचं. युमा दीडशे फुटांवर. म्हणून आय-४० नको, आय-१० धर. किनारा आणि पूर्व टेक्सास डिसेंबरात, क्वार्ट्झसाइट-युमा जानेवारीत, परतीला बिग बेंड फेब्रुवारीत, असा क्रम मला बरा वाटतो. जानेवारीच्या उत्तरार्धात क्वार्ट्झसाइटला आरव्ही शोची जत्रा भरते आणि महिनाअखेरीपासून इकडे टूसॉनला रत्नं-खनिजांची. तेव्हा पार्कं तुडुंब असतात, बीएलएमच्या माळावर मात्र जागा सापडते.

दक्षिण म्हणजे गोठणारच नाही असं धरू नकोस. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास दिवसेंदिवस गोठलेलं होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये बर्फ पडून लुइझियानात आय-१० बंद ठेवावा लागला. उत्तरेची थंडीची लाट यायची खबर तीन-चार दिवस आधी लागते. तेवढ्यात आणखी दक्षिणेला सरक, नाहीतर दोन रात्री हूकअपवर थांब. पारा २८ फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर टाकी भरून घे, बाहेरचा पाण्याचा होज काढून ठेव आणि टाकीतलं पाणी गाडीच्या पंपाने वापर. आधी गोठतो तो होजच. सिंकखालची कपाटं उघडी ठेव, म्हणजे आतली ऊब पाइपांना पोचते. वाऱ्याचंही तसंच. ताशी ४० मैलांचे झोत सांगितले असतील त्या दिवशी क्लास-सी रस्त्यावर काढायचीच नाही. न्यू मेक्सिकोत लॉर्ड्सबर्गजवळ धुळीचा लोट आला तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला हो, दिवे बंद कर आणि पाय ब्रेकवरून काढ. दिवे चालू राहिले तर मागचा तुला चालती गाडी समजून तुझ्या मागोमाग येतो.

कागदपत्रं मात्र अगदी हाताशी हवीत. सीमा ओलांडली नाही तरी आतल्या रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलच्या चौक्या आहेत: आय-१० वर सिएरा ब्लँकाला, बिग बेंडहून वर येताना ११८ आणि ३८५ या दोन्ही रस्त्यांवर. तुमची ग्रीन कार्डं मूळ प्रतच हवी, ती जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. काका-काकूंचे पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) छापील प्रत ड्रायव्हरच्या शेजारच्या कप्प्यात ठेव, झोपायच्या बंकखालच्या बॅगेत नको. नॅशनल पार्कचा सीनियर पास ६२ वर्षांवरच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतो, व्हिजिटर व्हिसावर तो नाही. त्यांचा प्रवास विमा इथल्या इमर्जन्सी रूमला चालतो ना, ते आत्ताच बघून घे.

स्वयंपाकाबद्दल वहिनींना दोनच गोष्टी सांग. फोडणी बाहेर, पोर्टेबल शेगडीवर. आत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजलाच म्हणून समज. आणि कुकर लावला की छतावरची खिडकी दोन इंच उघडी, पंखा चालू. चार माणसांचा श्वास आणि कुकरची वाफ रात्री थंड भिंतींवर पाणी होऊन बसते. खिडक्यांवरची दिसते, पण कॅबवरच्या बंकच्या गादीखालची दिसत नाही. आठवड्यानंतर गादी उचलली की खालची फळी ओली आणि काळी बुरशी. रोज सकाळी गादीची एक कड उचलून उशीवर टेकवून ठेवायची, तासाभरात वाळते.

शेवटी वजन. दाराजवळ एक पिवळं स्टिकर असेल, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर लिहिलेलं असतं. त्यातून ४० गॅलन पाण्याचे ३३३ पौंड आणि चौघांचे सहाशे वजा कर. उरतं ते पाहून पिठाची पोती भर. सगळं भरल्यावर ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर (गाड्या तोलायच्या काट्यावर) प्रत्येक ॲक्सलचं वजन घे. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही बघ, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा-सात वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसो, बदल.

त्या स्टिकरचा फोटो आणि तिन्ही टाक्यांचे खरे आकडे मला पाठव. वर मी अंदाजाने धरलेत, खरे मिळाले की मुक्कामांचा तक्ता करून धाडतो. काका-काकूंना सा. नमस्कार, वहिनींना नमस्कार, आणि बिग बेंडचं बुकिंग आज रात्रीच बघ.

तुझा,
सुहास