दिनू, तुझ्या उडवलेल्या पोस्टबद्दल

परळ, मुंबई

प्रिय दिनू,

फोनवर आपण दोघंही ओरडायला लागतो, म्हणून सरळ कागद घेऊन बसलोय.

तुझी ती एप्रिल २०२१ ची पोस्ट. कोरोनाची लस घेतल्यावर क्वचित कुणाच्या रक्तात गुठळ्या होतात, असं तू लिहिलंस आणि सकाळी ती गायब. खातंही महिनाभर बंद. दिनू, त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्या कोव्हिशील्डच्याच लशीबद्दल युरोपच्या औषध नियामकानं ७ एप्रिललाच तसं सांगितलं होतं. अत्यंत दुर्मीळ, पण होतं. दुसरं वाक्य, 'म्हणून कुणीच घेऊ नका', हे मात्र मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पोस्ट उडवणाऱ्यांनी सुक्याबरोबर ओलंही जाळलं. फेसबुकचंच बघ ना, विषाणू माणसानं बनवला म्हणणाऱ्या पोस्टी फेब्रुवारी २०२१ मध्ये काढायला घेतल्या आणि मे महिन्यात तो नियमच मागे घेतला.

पण तेव्हापासून तुझं गणित बिघडलंय. जे काढून टाकलं ते खरंच असणार, असं तू धरून चाललायस. मग गोवराच्या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा तो इंग्लंडचा डॉक्टर वेकफील्डही खरा? बारा मुलांवरचा त्याचा १९९८ चा पेपर, तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानंच २०१० मध्ये मागे घेतलेला. तो कुणी रातोरात उडवला नाही, बारा वर्षं तपासून खोडला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवरानं पोरं दगावत होती, तेव्हा आमची ताई तिथं घरोघरी फिरत होती. एका बाईनं दारातच मोबाइल पुढे केला, त्यात लशीचा कसलासा व्हिडिओ. ताईनं तो उभ्यानं पूर्ण बघितला. (मी असतो तर वाद घातला असता.) मग पेटीतून बाटली काढून तिच्यावरचं चिन्ह दाखवलं: गोलातला चौकोन फिका आहे तोवर लस चांगली, गोलाइतका गडद झाला की फेकायची. बाटलीतली पूड एकदा पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची, नाहीतर तीही फेकायची. बाईनं बाटली उजेडात धरली, फिरवून फिरवून बघितली. "आणि ताप आला तर?" येऊ शकतो, ताई म्हणाली, आणि माझा नंबर घे. दुसऱ्या दिवशी बाई पोराला घेऊन आली. शेजारीण नाही आली, तेही सांगतो.

रोज बसमधून हाफकिन संस्था दिसते, प्लेगाची लस शोधणाऱ्या हाफकिनच्या नावाची. प्लेगाच्या दिवसांत, १० जानेवारी १८९७ ला, त्या माणसानं लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला एकाच बाटलीतल्या लशीनं १९ माणसं धनुर्वातानं गेली. हाफकिनला कामावरून दूर केलं, १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. ते १९ मृत्यू कुणी पुसून टाकले नाहीत, म्हणून तर आज मला ठाऊक आहेत. तुझ्या गुठळ्यांचंही तसंच उघड बोलणं व्हायला हवं होतं.

चिमीला सतरावा लागला ना? गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. व्हिडिओ-बिडिओ काय असतील ते मला पाठव, ताई आणि मी बसून बघू, एकही न हसता. वहिनींना विचार, पहिल्या डोसाचं कार्ड कुठं ठेवलंय. चिपळूणहून येताना तेवढं आण. आणि कोकमं.

तुझा,
बंड्या