रोहिणी लागण्याआधी : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, कर्नाटक सरकार,
विधानसौध, बेंगळूर

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी बावीस वर्षांची. बी.कॉम. झाले, दिवसा शहरातल्या एका दुकानात हिशेब लिहिते, आणि घरची 'बेळे समीक्षे' मीच करते. म्हणजे पावसाळ्यात शेतावर जाऊन सर्व्हे नंबर उघडायचा, पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. बाबांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही; मी शाळेत शिकले म्हणून मला येतं. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं बेळगावला लागून असलेल्या यळ्ळूर शिवारात, बळ्ळारी नाल्याकाठच्या आमच्या दीड एकराच्या तुकड्यावर गेलो, तर बांध कुठे नि भात कुठे तेच कळेना. बाबांनी फोनवर छत्री धरली. ॲप म्हणालं, तुम्ही शेताच्या हद्दीबाहेर आहात. गुडघाभर चिखलातून आणखी वीस पावलं आत गेलो तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. पीक म्हणून मी 'भात' निवडलं आणि फोटो काढला. फोटोत गढूळ पाणी, जलपर्णीचा एक झुबका आणि छत्रीची कड. एवढंच. तो फोटो चढला, नोंदही झाली. सरकारदरबारी आमचं भात त्या दिवशी उभं होतं.

ही तक्रार नाही म्हणणार नाही, थोडी आहेच. पण मला सांगायचंय ते वेगळं. हवामान बदललं की लोकांच्या ताटाचं काय होणार, यावर बैठका होतात, तरुणांना बोलवून मतंही विचारतात. आमच्या गावच्या कट्ट्यावर हा विषय निघतो तेव्हा एकच प्रश्न असतो : पुढच्या वर्षी पेरायचं की नाही? कट्ट्यावरचे निम्मेअधिक उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फौंड्रीत जातात. शेती नको म्हणून नव्हे. फौंड्रीत पगाराची तारीख ठरलेली असते म्हणून.

आमच्या जमिनीबद्दल बेंगळुरात कितपत ठाऊक असेल, कोण जाणे. शहापूर, वडगाव, अनगोळ, यळ्ळूर हा पट्टा काळ्या मातीचा. वळीव झाला की कुरीने (पेरणीच्या औताने) भाताची धूळवाफ पेरणी (मोसमी पावसाआधी कोरड्या मातीतच), कार्तिकाच्या आसपास कापणी, आणि जमिनीत ओल आहे तोवर त्याच वाफ्यात मसूर, हरभरा, वाटाणा. मसुरीला आम्ही एक थेंब पाणी देत नाही. मातीतली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर ती येते. ना बोअर, ना मोटार, ना वीज. पाणी कमी पडणार अशी सगळीकडे ओरड असताना पाण्यावाचून डाळ देणारी जमीन जिल्ह्याच्या ठिकाणाला चिकटून पडली आहे, आणि नकाशावर तिच्याकडे शहराची वाढ कुठे करायची एवढ्याच नजरेने बघतात. हलगा-मच्छे बायपाससाठी याच पट्ट्यातून आखणी झाली. शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. आता रिंगरोडचं घोडं पुढे आहे. रस्ते तुमच्या खात्याचे नाहीत, ठाऊक आहे. पण दुपिकी जमीन जाताना कृषी खात्याने एक शब्दही बोलू नये, याचं नवल वाटतं.

2023 साल आठवा. जून कोरडा गेला. आमची धूळवाफ उगवलीच नाही, बियाणं मुंग्यांनी नेलं. जुलैत एवढा कोसळला की दुबार पेरलेलं कुजलं. आणि ऑगस्ट? 1901 पासूनच्या नोंदींत देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. आजी म्हणायची, मृग हुकला तर आर्द्रा सांभाळते. त्या वर्षी कुणीच सांभाळलं नाही. राज्यातले दोनशेहून अधिक तालुके दुष्काळी जाहीर झाले.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी तुमचं सरकार आलं आणि अन्नभाग्य या राज्याच्या मोफत धान्य योजनेतला तांदूळ माणशी पाच किलोंवरून दहा किलो करायचं ठरलं. पैसे होते, मनही होतं. तांदूळ मिळाला नाही. केंद्राने आपल्या साठ्यातून राज्यांना होणारी विक्री थांबवली, जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातही बंद केली. शेवटी किलोला 34 रुपये दराने माणशी 170 रुपये खात्यावर जमा झाले. आमच्या गल्लीतल्या बायकांनी ते खुशीने घेतले, मी नावं ठेवत नाही. पण राज्याच्या तिजोरीत पैसे असून धान्य मिळत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एका अल निनोने ही गत केली. पुढची काही वर्षं कशी असतील ते तुमच्या खात्यातले जाणकार माझ्यापेक्षा बरं सांगतील.

2025 च्या ऑक्टोबरात मंत्रिमंडळाने जादा पाच किलो तांदळाऐवजी डाळ-तेलाचं किट द्यायचं ठरवलं. चांगलं केलंत. नुसत्या भाताने पोट भरतं, अंगात ताकद येत नाही. फक्त त्या किटमध्ये बेळगावच्या मसुरीला जागा आहे का? मसुरीला केंद्र दरवर्षी हमीभाव जाहीर करतं, पण आमच्या घरची मसूर त्या भावाने कुणी नेलेली मी अजून पाहिलेली नाही. खळ्यावर व्यापारी येतो, मूठ नाकाशी नेतो, 'माल ओला आहे' म्हणतो आणि भाव पाडतो. इकडे देश कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून मसूर आणतो.

आता बियाण्याचं. आजीने कणगीच्या तळाशी बेळगाव बासमतीचं चार शेर बी राखून ठेवलंय, कडुनिंबाचा पाला घालून. बिर्याणीवाल्या बासमतीशी तिची गल्लत करू नका, ही वेगळी. शिजत असताना वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. उतारा कमी, धाट उंच, वाऱ्यात आडवी होते. म्हणून बाबांनी सोडली आणि इंद्रायणी धरली. ते चुकले असं मी म्हणत नाही, घर चालवायचं होतं. पण एक गोष्ट वाचल्यापासून ती कणगी मला निराळी दिसते. पाण्याखाली दोन आठवडे तग धरणारं 'स्वर्णा सब-वन' हे भात 2009 मध्ये आपल्याकडे आलं. त्याची ती ताकद आली ओडिशातल्या एका जुन्या देशी भातातून. कुणीतरी ते बी टाकून न देता राखलं होतं म्हणून. आमच्या जुन्या वाणांत काय दडलंय, कुणी तपासलंय का? धारवाडचं कृषी विद्यापीठ इथून दोन तासांवर, मुगदचं भात संशोधन केंद्र त्याच्या शेजारी. त्यांचे लोक आमच्या शिवारात आले, पाणी तुंबणाऱ्या दहा वाफ्यांत दहा वाण लावून बघितले, तर आम्ही पोरं-पोरी नोंदी ठेवू. मजुरी नको.

आणि नाला. बळ्ळारी नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढा, हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. 2019 च्या ऑगस्टमध्ये सगळा जिल्हा बुडाला, तो महापूर होता, त्याला कोण काय करणार. पण आता दोन दिवसांच्या पावसानेही शिवार तुंबतं, त्यात शहराचं सांडपाणी. हा हवामानबदल नव्हे, ही हयगय आहे. दोन्ही एकाच पाण्यात मिसळतात आणि मग नाव सगळं हवामानावर जातं.

सगळ्यात तातडीचं शेवटी लिहितेय, कारण तुमच्या हातातलं ते आहे. पीकविम्यात भात पाण्याखाली गेलं तर मिळणारं वैयक्तिक संरक्षण 2018 मध्ये काढून टाकलं होतं. त्यानंतर आमचं एकट्याचं शेत बुडालं तर उपयोग नाही, पंचायतीतल्या सगळ्या शेतांचं सरासरी पीक पडावं लागतं. माळावरच्यांचं भात चांगलं आलं की नाल्याकाठचे आम्ही सरासरीत बुडतो. 2025 च्या नोव्हेंबरात केंद्राने जाहीर केलं की खरीप 2026 पासून भात बुडण्याची भरपाई परत सुरू होईल, आणि जंगली जनावरांनी केलेली नासाडीही विम्यात येईल. 72 तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं. मात्र कोणती जनावरं आणि कोणता भाग हे राज्याने अधिसूचित करायचं आहे. खानापूर तालुक्यात माझी मावशी राहते. हत्ती आणि गवे येतात म्हणून तिने दोन वर्षं नाचणा पेरला नाही. त्या यादीत खानापूरचे हत्ती, गवे, रानडुकरं असू द्या. आणि बुडणाऱ्या भाताचा विषय निघेल तेव्हा किनारपट्टीबरोबर बळ्ळारी नाल्याकाठची गावंही आठवा. कळवण्याची सोय मराठीतूनही ठेवलीत तर बाबांसारखे लोक 72 तास पोरीची दुकानातून सुटायची वाट बघत बसणार नाहीत. यात सीमाप्रश्न आणू नका, हा फक्त वेळेचा प्रश्न आहे.

आणखी एक, जाता जाता : जमिनीच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. शेत बाबा करतात, फोन मी धरते. आमच्यातलं कुणीच तुमच्या हिशेबी शेतकरी नाही.

रोहिणी लागायला आता थोडेच दिवस आहेत. कुरी दुरुस्त होऊन आली, इंद्रायणीचं बी आणलंय. नाल्याकाठच्या दीड एकरात पेरायचं की यंदा पड ठेवायचं, हे बाबांचं ठरत नाही. मी त्यांना सांगितलंय, अधिसूचनेची वाट बघू. ती निघाली की मी दुकानातूनच फोन करीन.

आपली,
यळ्ळूर शिवारातली एक मुलगी